बिनसीडीचं मशीन

परभणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मोबाईलच्या कव्हरांची सतरा दुकानं आहेत आणि त्यांच्यामधून एक अरुंद जिना दोन मजले वर जातो. वर नागेशचं दुकान. तिथं व्हिडिओ गेमच्या वापरलेल्या सीड्या मिळतात, घेतल्या जातात, आणि मुख्य म्हणजे बदलून मिळतात. एक गेम खेळून झाला की तो आणून द्यायचा, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरा घेऊन जायचं.

हा धंदा नागेशला आईकडून मिळाला असं म्हटलं तर लोक हसतात, पण ते खरं आहे. कस्तुराबाईंनी बावीस वर्षं दर जूनला शाळेसमोर पोतं अंथरून जुनी पाठ्यपुस्तकं अर्ध्या किमतीत विकली. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण नुसतं मुखपृष्ठ बघून ही बाई आठवीचा भूगोल आणि नववीचा भूगोल वेगळा काढायची. वापरलेली वस्तू बाटत नाही, ती पुढं जाते, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. त्याच पुस्तकांवर नागेश बी. कॉम. झाला. नोकरी लागली नाही, आणि पुस्तकांच्या जागी सीड्या आल्या. कस्तुराबाई आता दुपारपासून दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाईक बघतात. गेममधलं त्यांना काही कळत नाही, माणसातलं सगळं कळतं.

नागेश छत्तीस वर्षांचा, आणि अजून लग्नाचा. खोटं बोलता येत नाही हा त्याचा गुण. खरं बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, हा त्याचा दोष. सीडीवर ओरखडा असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी हाच दाखवतो. असल्या माणसाची परभणीत माडी उठत नाही, पण गिऱ्हाईक तुटत नाही.

दुकानात एक पद्धत होती. प्रत्येक सीडीच्या डबीत एक कोरी चिठ्ठी असायची. खेळणाऱ्यानं पुढच्याला काही सांगायचं असेल तर त्यावर लिहावं. बहुतेक पोरं शिव्या लिहीत, तेवढ्या नागेश खोडून टाकी. एकदा मोटारीच्या शर्यतीच्या गेममध्ये त्याला सरकारी वळणाच्या अक्षरात ओळ सापडली : "तिसऱ्या पुलावर डाव्या बाजूने जावे. उजव्या बाजूस गेल्यास मृत्यू अटळ आहे. — सं." नागेशनं रात्री घरी तो पूल डावीकडून गाठला आणि खाली लिहिलं, "आपल्या आदेशाप्रमाणे केले. जिवंत आहे."

सं. म्हणजे संघप्रिया. माहेर चुडाव्याचं म्हणायची सोय नाही, कारण सासर अजून व्हायचं होतं. वय तेहतीस, पेडगावची तलाठी. सरकारनं त्या पदाचं नाव बदलून लांबलचक केलंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. दर सोमवारी तहसीलला बैठक असायची. दिवसभर साहेबांची बोलणी ऐकली की संध्याकाळी ती हा जिना चढायची, "जय भीम, मावशी" म्हणून कस्तुराबाईंपाशी टेकायची आणि सीडी बदलून न्यायची. नागेश आपली चिठ्ठी तिच्या पुढच्या डबीत सरकवायचा, आणि हा पत्रव्यवहार दोन वर्षं चालला. लिहिताना नागेश चांगला बोलका होता. समोर आली की तो 'मॅडम' म्हणायचा आणि डबीची धूळ पुसत बसायचा, धूळ असो वा नसो.

मग दिवाळीनंतरच्या एका सोमवारी ती आली आणि सीडी टेबलावर ठेवून म्हणाली, "ही जमा करून घ्या. बदली नको आता."

"का हो मॅडम?"

"भावानं पुण्याहून गेमचं नवीन मशीन पाठवलंय. सिद्धोधननं. सरप्राईज म्हणून." तिनं मोबाईलमध्ये फोटो दाखवला.

नागेशनं फोटो मोठा केला, आडवा केला, पुन्हा उभा केला. "ह्याला सीडीची फट न्हाई."

"न्हाई. सगळं डाउनलोड."

"मग हे विकता येत न्हाई, मॅडम. बदलता येत न्हाई, कुणाला देता पन येत न्हाई. गेम खात्याला बांधलेला असतोय. तुमी पैसे भरायचे, पन खेळून झाला तरी तो तुमच्याच गळ्यात."

संघप्रिया जरा विचारात पडली आणि मग हसली. "म्हणजे वर्ग दोनची जमीन. नाव माझं, कसायची मी, पण परवानगीशिवाय विकायची न्हाई."

"परवानगीबी न्हाई ह्याच्यात."

"मग वर्ग दोनपेक्षा वाईट हाय. तिथं निदान अर्ज करता येतो."

तिनं चष्मा पुसला. तो जरा जास्तच वेळ पुसला. नागेशला म्हणायचं होतं, की सीडी नको तर नको, सोमवारी तुमी येत जा. वाक्य घशापर्यंत आलं, तिथं थांबलं आणि परत गेलं. "बरंय," तो म्हणाला.

ती जिना उतरून गेली. कस्तुराबाईंनी पायऱ्यांचा आवाज संपू दिला.

"बरंय?" त्या म्हणाल्या. "पोरगी चालली अन् तू बरंय म्हन्लास?"

"आता मशीनच बिनसीडीचं हाय, आई. मी काय करू?"

"मशीनला आग लाव. सारी परभनी तुला नागेशभाऊ म्हन्तीय. कालची पोरं म्हन्तेत, म्हातारे म्हन्तेत. ह्या पोरीनं दोन वर्षात एकदाबी तोंडातून भाऊ काढलं का? मी बसल्या बसल्या मोजायले."

नागेशनं याचा विचार केला नव्हता. त्या रात्री त्यानं दुसरा कसलाच विचार केला नाही.

पुढचा सोमवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. ती येत नव्हती आणि नागेशला फोन करायला कारण सापडत नव्हतं. नंबर होता, पण नंबर म्हणजे कारण नव्हे. माणूस किती मूर्ख असू शकतो याची परभणी जिल्ह्यापुरती हद्द त्यानं त्या दिवसांत ठरवून दिली. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचा, आणि वर यायचं मिशी न फुटलेलं पोरगं, फुटबॉलचा गेम मागत. तिची आठवण येत होती. सरळ सांगायचं तर त्याचं तिच्यावर प्रेम होतं, आणि हे त्याला कंपनीनं सीडीची फट बुजवली तेव्हा कळलं.

चौथ्या सोमवारी जिन्यावर जड पावलं वाजली. संघप्रिया खांद्याला मोठी पिशवी लावून वर आली. पिशवीत मशीन होतं.

"जय भीम, मावशी. तुमी बघा हो हे," ती नागेशला म्हणाली. "गेमवर कुलूप यायलंय."

नागेशनं मशीन जोडलं. चित्र आलं आणि गेमच्या चौकटीवर खरोखरच बारीक कुलूप होतं. त्याला दोन मिनिटांत उमगलं. "गेम तुमच्या भावाच्या खात्यावर घेतलेले हायत. खात्याला एकच मशीन मुख्य म्हणून लावता येतं. आधी हे होतं. त्यांनी पुण्यात स्वतःला नवीन घेतलं काय?"

"मागच्या महिन्यात."

"मग आता ते मुख्य झालं. तुमच्याकडं गेम दरवेळी नेटवर विचारून उघडतोय. पेडगावात नेट गेलं की कुलूप."

"माझ्या घरात माझं मशीन, अन् परवानगी पुण्याहून," संघप्रिया म्हणाली. मग तिनं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? कुलूप पहिल्याच आठवड्यात आलं होतं. दोन सोमवार मी खालच्या गल्लीपर्यंत येऊन परत गेले. हातात बदलायला सीडी न्हाई, तर वर कशाला आले म्हणून सांगू? मग वाटलं, मशीनच उचलून न्यावं."

कस्तुराबाईंनी नागेशकडं बघितलं. नागेशनं केबलकडं बघितलं. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते संघप्रियाला दिसत होते.

"याला काही उपाय?" तिनं विचारलं.

यंत्राचं विचारलं की त्याची जीभ मोकळी होते. "हाय. तुमच्या नावानं वेगळं खातं काढू. अन् दुसऱ्या कुणासोबत अदलाबदल करता येती. त्याचं मशीन तुमच्या खात्याचं मुख्य, तुमचं मशीन त्याच्या खात्याचं मुख्य. मग एकानं घेतलेला गेम दोघांकडं चालतोय."

"कुणासोबत करायचं?"

"विश्वासाच्या मानसासोबत. एकमेकांना पासवर्ड द्यावा लागतोय."

"मग तुमच्यासोबत करू."

दुसरा कुणी असता तर त्याला आभाळ ठेंगणं झालं असतं. नागेशनं नियमांचं पान उघडलं. "तसं चालत न्हाई, मॅडम. हे बघा. एका घरात राहणाऱ्या कुटुंबापुरतंच हाय हे. लय लोक असंच करतेत, तपासायला कुणी येत न्हाई. पन हितं चौकटीत खूण करावी लागती, की आमी एका कुटुंबातले हाव. ते खोटं होईल."

कस्तुराबाईंनी कपाळाला हात लावला.

संघप्रियानं मात्र पान शेवटपर्यंत वाचलं, कागद वाचायची तिला सवयच होती. "बरोबर बोलायलेत तुमी. खोटी नोंद मीपण करत न्हाई. सहा वर्षांत एक केली न्हाई, त्यापायी दोनदा बदली झाली. पण नोंद खरी नसली तर दोन रस्ते असतेत. एक, नोंदच करायची न्हाई."

"अन् दुसरा?"

"तो तुमी सांगा. पिशवी खांद्यावर घेऊन मी आले, दोन मजले मी चढले. बोलायचंबी सगळं मीच का?"

नागेशनं हातातलं फडकं खाली ठेवलं. डबी पुसली नाही, केबल चाचपली नाही. मान वर करून त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला वेळेवर तोंड उघडलं.

"दुसरा रस्ता म्हणजे आधी ते खरं करायचं, मग नोंद करायची. संघप्रिया, मला तुमच्याशी लग्न करायचंय. चुडाव्याला तुमच्या घरी कोनत्या वारी यावं?"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज तहसीलच्या बैठकीतला निघाला. "रविवारी. सकाळच्या गाडीनं या, बाबा दुपारी झोपतेत. अन् मावशीला संगं आना, तुमी एकटे आलात तर बरंय म्हणून परत याल."

कस्तुराबाई हसल्या ते डोळ्याला पदर लावूनच. नागेशनं पडद्यावरची ती चौकट रिकामी ठेवली आणि मशीन बंद केलं. रविवारला अजून सहा दिवस होते.