डिस्कची तिसरी जोडी

ब्रेकची डिस्क चौदा पूर्णांक आठ दोन मिलिमीटर भरली. काठाची गंजकी कड सोडून मी चार ठिकाणी मोजली. फरक पडला तो शेवटच्या अंकात. नवी असताना ती सतरा होती. पंधराच्या खाली गेली की बदलायची, हे तिच्या लोखंडातच कोरलेलं होतं. घासून गुळगुळीत झालेल्या भागावर रुपयाएवढे निळे डाग होते. असा निळा रंग यायला लोखंड तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं.

"ताई, हे कॉलेजातलं व्हय?" माझ्या हातातल्या स्क्रू गेजकडे बघत बिरुदेवनं विचारलं.

"हो, प्रयोगशाळेतलं. उद्या परत ठेवायचंय."

"सोनाराच्या वर मोजताय की. आमी नख फिरवून बघतो."

अक्कलकोट रोडवर त्याचं गॅरेज आहे. शुक्रवारी त्यानंच आमची गाडी तिथं ओढून आणली होती. आज रविवार. गाडीची पुढची दोन्ही चाकं काढलेली, ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारे चिमटे, तारेनं वर टांगलेले. उन्हात उभं राहवेना म्हणून माझे वडील, आप्पा, गाडीतच जाऊन बसले होते, आपल्या जागेवर, स्टिअरिंगमागे.

बिरुदेवनं फळीवर तीन प्रकारच्या डिस्क मांडल्या. एक कंपनीची साधी. एक बाजारातली, तशीच, पण हलकी. तिसरीवर तिरप्या खाचा आणि भोकं.

"भोकाची बसव," आप्पा आतूनच म्हणाले. "लवकर थंड होती म्हणं. कंपनीचा माल पयल्यासारखा न्हाय राहिला."

"मामा, दीड वर्षात ही तिसरी जोडी. लोकांची साठ-सत्तर हजार किलोमीटर चालती, तुमची नऊ हजारात भाकरीचा तवा हुती. परवा गाडी आणली तवा मला करपल्या भाकरीचा वास आला."

"तू लंगोटात हुतास तवा मी साहेबाची जीप घेऊन पार नाशकाला जात हुतो. एकतीस वर्षं. एक वरखडा न्हाय."

"म्हणून तर इचारतोय. आता काय झालं?"

आप्पांनी समोरचा आरसा नीट केला. मी गेज पुसत राहिले. खरं तर उत्तर माझ्याकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी क्लच दाबून गुडघा दुखतो म्हणाले, म्हणून मीच त्यांना ही बिनक्लचची गाडी घेऊन दिली. एकतीस वर्षं क्लचवर बसलेला डावा पाय रिकामा झाला, आणि सापडलं त्या पेडलवर जाऊन बसला. त्या पायाला काही कळत नाही. सतरा वर्षांची साखर आहे. जूनमध्ये चपलेतून खिळा आत गेला, तो फरशीवरच्या रक्ताच्या ठशांवरून माझ्या आईला, अव्वाला, समजला. आप्पा चहा पीत बसले होते.

दीड महिन्यापूर्वी मी स्कूटीवरून त्यांच्या मागे होते. कुंभारीपासून शहरापर्यंत गाडीचे मागचे लाल दिवे एकदाही विझले नाहीत. चढावरही नाही. त्या दिवशी मी घरी येऊन काय केलं, तर ब्रेकचे नवे पॅड मागवले.

त्यानंतर मी ओतीव लोखंडावर वाचत होते. कार्बनचं प्रमाण, हवेच्या पोकळ्या, उष्णता किती वेगानं बाहेर पडते. मुलांना मी पदार्थविज्ञान शिकवते. बिघाड एका चाकात असता तर एकच डिस्क झिजली असती, दोन्ही सारख्या झिजल्यात याचा अर्थ दोष चाकात नाही, एवढं अकरावीतल्या मुलालाही सांगता येईल. तरी मी अशी डिस्क शोधत होते, की जी बसवली म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला अव्वाचं डायलिसिस असतं. निवृत्तीनंतर दोन महिने आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. अव्वाच्या किडन्या गेल्या आणि तिला दवाखान्यात न्यायचं म्हणून ते उठले. पहाटे पाचला गाडी पुसतात. परवा तिला नेताना गाडी थांबेना. ब्रेक तापून मऊ पडलेला, समोर सायकलवर शाळेची मुलगी. त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी विजेच्या खांबाला नेऊन लावली. हे मला अव्वानं भांडी विसळत सांगितलं आणि लगेच म्हणाली, "त्यांच्या हातची गाडी काढू नको गं. बसून जातील ते. माझं काय, मी डोळे मिटून बसते."

उद्या सोमवार होता.

"मग कुठली काढू?" बिरुदेव विचारत होता. "रोजच्या चालीला साधीच बरी, ताई. खाचांची रेसवाल्या पोरांसाठी. पण डिस्क काय जादू न्हाय करत."

"दोन मिनिटं थांब," मी म्हणाले, आणि पुन्हा गेज उचललं. मोजायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बिरुदेव ओरडला, "मामा! ब्रेक दाबू नगा! पिस्टन भाईर यील!"

टांगलेल्या कॅलिपरमधून पिस्टन हळूहळू पुढे सरकत होता. समोर अडवायला डिस्क नव्हती.

"कोण दाबतंय?" आप्पा चिडून म्हणाले. "मी गप बसलोय की."

"पाय काढा, मामा!"

"पाय खाली हाय! डोळं फुटलं का तुजं?"

गाडीमागच्या पत्र्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. मी दाराशी गेले आणि वाकून बघितलं. आप्पांचा उजवा पाय पायपुसण्यावर होता. डावा ब्रेकवर, पूर्ण वजनानं. चपलेच्या तळव्यावर पेडलच्या रेघा उमटल्या होत्या. त्या आजच्या नव्हत्या.

"आप्पा, खाली बघा."

त्यांनी बघितलं. दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या गाडीत शिरलाय, तसं. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून त्यांनी तो उचलला आणि बाजूला ठेवला. भिंतीवरचा लाल उजेड गेला.

बिरुदेव पिस्टनला अंगठा लावून बसला. आता तो थट्टा करत नव्हता.

"डिस्कच खराब असतील," आप्पा बारीक आवाजात म्हणाले. "भारीतली बसव म्हणावं, महेश्वरी. लई भारीतली."

माझ्याकडे नऊ वर्षांपूर्वीचं लायसन्स आहे. आप्पा शेजारी नसताना मी कधी गाडी चालवलेली नाही. सोमवारी साडेसातला माझा पहिला तास असतो. अव्वा पुन्हा भिंतीकडे वळलेल्या माणसाला कशी उठवणार, हे मला माहीत नव्हतं.

"बिरुदेव, कंपनीची साधी बसव," मी म्हणाले. "आजच."

आप्पा माझ्याकडे बघत होते. "साधी? याकव्वा? का गं?"

मी दाराला धरून उभी राहिले.

"कारण उद्यापासून गाडी मी चालवणार आहे, आप्पा. तुम्ही नाही."