हिरवं पाणी

रामदास परब गिरगावात तसबिरींच्या दुकानात काचा कापायचा. उरलेल्या काचा जमवून, लोखंडी पट्ट्यांची चौकट करून आणि सांध्यांत पाणी गळू नये म्हणून लांबीचा लगदा भरून त्याने घरी माशांची टाकी बनवली होती. चाळीतल्या त्या दीड खोलीत तिला जागा मिळाली ती आतल्या भिंतीशी, फडताळाच्या सावलीत. टाकीत सोनेरी मासे होते, काही काळे होते, आणि पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीचे पोपडे दिसायचे.

ही टाकी त्याची बायको कमळाबाई हिला कधीच आपली वाटली नाही. कारण होतं लतिका. त्याच गॅलरीत ती आईबरोबर राहायची आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. लग्न झालेलं नव्हतं. टाकीतली पाणवनस्पती तिनेच आणून दिली होती. संध्याकाळी रामदास आणि ती कठड्याशी उभे राहून बोलायचे. कोणता मासा खात नाही, कोणतं पान कुजतंय. आत पीठ मळता मळता कमळाबाई ऐकायची. आपल्याशी हा माणूस रॉकेल आणि तांदूळ सोडून काही बोलत नाही, आणि तिच्याशी माशाच्या कल्ल्यांवर तासभर बोलतो, हे तिच्या घशाखाली उतरायचं नाही.

छप्पन्न साली रामदास संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेला. घोषणा देत गेलेली अख्खी तुकडी पोलिसांनी धरली आणि त्याला ठाण्याच्या तुरुंगात टाकलं. तळमजल्यावरच्या अप्पांचा पुतण्याही त्याच्याबरोबर होता. अप्पा पुतण्याला भेटून आले ते थेट कमळाबाईच्या दारात.

"रामदास बरा आहे, पोरी. काळजी करू नको म्हणाला. आणि टाकीकडे लतिकाबाईंना बघायला सांग म्हणाला, तुला जमायचं नाही."

अप्पा निघून गेले. कमळाबाई चुलीकडे परतली. तुरुंगातून नवऱ्याचा पहिला निरोप आला, आणि त्यात लतिकाचं नाव होतं.

संध्याकाळी लतिका दाराशी आली. रामदासभाऊंची काही खबर आली का, असं तिने विचारलं. बरे आहेत, असं कमळाबाई म्हणाली.

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही."

लतिकाचा चेहरा उतरला. ते बघून कमळाबाईला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याने ती दचकलीही. कारण तो चेहरा तिच्या खोट्याने उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या बाप्यांकडून टाकी उचलवून गॅलरीच्या खिडकीत ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं, आणि त्यातल्या एकीने तर बघावंच. माशांना ती मूठभर रवा टाकायची, चपातीचा चुरा टाकायची. मासे वर येऊन तोंड उघडायचे, की तिला वाटायचं, यांना नीट खायलाच मिळत नव्हतं. सकाळचं ऊन टाकीच्या आरपार जायचं. आधी काचेवर पुसट हिरवा थर धरला, मग पानांवर केसांसारखं शेवाळ लोंबू लागलं, आणि शेवटी पाणीच हिरवंगार झालं. मासे दिसेनासे झाले.

लतिका शाळेतून येताना थांबली. उन्हात ठेवलीय म्हणून असं झालंय, टाकी आत घ्या, असं तिने हळूच सुचवलं.

"माझ्या घरात ऊन कुठवर येऊ द्यायचं ते मी बघीन," कमळाबाई म्हणाली आणि खिडकीचा पडदा ओढला.

रविवारी तिने कंबर कसली. मासे पातेल्यात काढले, टाकी राखेने आणि काथ्याने घासली आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. काच लख्ख झाली. ती दिवसभर खूश होती. संध्याकाळी एक सोनेरी मासा आडवा होऊन वर आला, मग दुसरा. काळ्यांपैकी एकच वाचला. उरलेले मासे तळाशी कसेबसे कल्ले हलवत राहिले. आणि आठवड्याच्या आत काचेवर तोच हिरवा थर पुन्हा दिसू लागला.

मेलेले मासे तिने कुणाला न दाखवता कागदात गुंडाळून टाकले. मग तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि लतिकाच्या दारात जाऊन उभी राहिली. काय करायचं ते मला सांगा, एवढंच बोलली.

लतिका एका शब्दाने उणं बोलली नाही. तिने टाकी पुन्हा आतल्या भिंतीशी ठेवायला लावली आणि काही दिवस वर गोणपाट घालायला सांगितलं. प्रकाश नाही मिळाला की शेवाळ मरतं. खाणं चिमूटभरच, उरलेलं खाणं कुजतं, त्यावरच शेवाळ पोसतं. काच जुन्या ब्लेडने खरवडायची, पाणी सगळं कधीच बदलायचं नाही, थोडंच काढायचं. आणि नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांना सोसत नाही, म्हणून पाणी रात्रभर बादलीत ठेवून दुसऱ्या दिवशी घालायचं. हे सांगताना लतिकाने कोपरापर्यंत हात टाकीत घातला. उरलेला काळा मासा तिच्या बोटांजवळ येऊन थांबला. तो हात या पाण्याला सरावलेला होता. कमळाबाईने ते पाहिलं.

"आता मी करीन," ती म्हणाली. "तुम्ही नका हात घालू."

लतिकाने हात पुसला आणि ती गेली. पुढचं सगळं कमळाबाईने एकटीने केलं. रोज ब्लेड, रोज बादली. गोणपाट काढलं तेव्हा पाणी गढूळ, पिवळट होतं. पुढे ते निवळत गेलं. काळा मासा तिच्याही बोटांजवळ येऊ लागला, आणि त्या दिवशी ती एकटीच हसली.

रामदास सुटून आला तेव्हा चाळीने त्याला हार घातले. आत येताच तो टाकीसमोर वाकला. मासे कमी झाले होते, पण भिंतीचे पोपडे दिसत होते.

"लतिकाबाईंनी छान राखली," तो म्हणाला.

कमळाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला.

"तुमचा निरोप मी त्यांना दिलाच नाही. मासे मेले ते माझ्या हातून. मग त्यांच्याकडून शिकले, पण केलं मी. तुम्ही म्हणाला होता, मला जमायचं नाही."

रामदास सरळ उभा राहिला. रागावावं की नाही ते त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "तसं म्हणायला नको होतं मी." मग टाकीशी बसला आणि शेवाळ कसं घालवलंस, असं त्याने विचारलं. ती सांगत गेली, तो मधे मधे प्रश्न विचारत गेला. जेवण निवून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लतिका गॅलरीत आली. रामदास उठून कठड्याशी गेला. कमळाबाईने पीठ तसंच झाकलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन त्या दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"काय बोलताय?" ती म्हणाली. "मलाही सांगा."