थंड बाजू

त्या दुपारी बाबांचा डबा उघडायला उशीर झाला, कारण लेक लाँड्रीच्या बॉयलरखोलीत वाफेच्या नळाला पट्टी चिकटवत बसली होती. बोटभर काळी पट्टी, आत केसाहून हजारो पटींनी बारीक कार्बनच्या नळ्या. वाया जाणाऱ्या उष्णतेतून चिमूटभर का होईना वीज काढायची, हे तिचं पीएच.डी.चं चार वर्षांचं काम. परवा परीक्षक येणार होते.

मोहरीएवढा दिवा लागला. मिनिटभरात विझला.

"चार वर्षं आणि एक मिनिट," बाबा म्हणाले.

"बाबा, गप्प बसा हो."

उष्णता निसटत असेल म्हणून तिनं पट्टीवर फडकं गुंडाळलं. तरी अंधारच. प्रयोगशाळेत पाठीमागे गार ठोकळा आयताच असे. त्याचा तिला विसर पडला होता.

बाबांनी फडक्याखाली बोट सरकवलं. तीस वर्षं वाफेशी संसार केलेलं बोट. "अगं, पट्टीची पाठही तापलीय. दोन्हीकडे सारखंच, मग वीज धावेल कशाला?" त्यांनी फडकं भिजवून पाठीवर ठेवलं, डब्याचा एक खण रिकामा करून पाण्यानं भरला आणि फडक्याचं टोक त्यात सोडलं. "आता सुकायचं नाही."

दिवा लागला. पाच मिनिटं, वीस मिनिटं. तिला नाचावंसं वाटत होतं; बाबा तर चक्क शीळ घालत होते.

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. "गार बाजूचं काय केलंस?"

"ओलं फडकं, सर. सुचलं मला."

बाबांनी ऐकलं. उरलेला खण तिच्यापुढे सरकवला. "जेवा, शास्त्रज्ञबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

परीक्षा महिनाभर पुढे गेली. तिनं परीक्षकांना बॉयलरखोलीतच बोलावलं. बाबांच्या कामावरच्या जोडीदारानं खणात रोज पाणी घातलं होतं. बॉयलर पेटला की दिवा लागत होता. दोन्ही परीक्षक सुटाबुटात उकिडवे बसले आणि फडकं उचलून दिवा विझवण्याचा, ठेवून लावण्याचा खेळ खेळू लागले.

"भन्नाट," त्यातल्या बाई म्हणाल्या. "कुणाची कल्पना?"

"हिचीच," सर म्हणाले.

तिनं खणाकडे पाहिलं. कडेला बाबांनी खिळ्यानं कोरलेलं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

"नाही, सर. मी खोटं बोलले. माझ्या वडिलांची. ते इथे बॉयलर चालवायचे. उष्णता म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यांना ते कधी सांगितलं नाही."