एक सरळ पेला

आज भट्टीवरून उतरायचं ते कायमचं, असं एलेउतेरिओनं ठरवलं होतं. मालकिणीनं हाकलायच्या आत आपणच निघायचं, तेवढी तरी अब्रू राहील. उभी हयात तोनाला गावच्या या काच कारखान्यात फुटक्या बाटल्या वितळवून पेले फुंकण्यात गेली. भट्टीकडे बघून बघून डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पेल्याची निळी कड आता त्याला नुसती धुरकट दिसायची. सोमवारचे पेले वाकडे निघाले, तेही गार झाल्यावर बोटांना कळलं. डोळ्यांनी साथ सोडली ती सोडलीच.

फुंकणीवर काचेचा रस घेऊन देणारा चोन त्याचा जुना जोडीदार. तोंडाचा फाटका, पण ही गोष्ट त्यानं कुणापाशी काढली नव्हती. वाकडे पेले तो गुपचूप परत वितळायला टाकायचा.

"सोमवारचे टाकलेस ना?" एलेउतेरिओनं विचारलं.

"कुठे टाकू? फुटक्या काचांचा हौद शिगोशीग भरलाय. फळीमागे लपवलेत." चोननं मक्याच्या तोर्तियात बीन्स गुंडाळून त्याच्या हातात दिले. "आधी खा, उस्ताद. उपाशीपोटी राजीनामा देऊ नये, रडू येतं."

"गप रे मेल्या."

दोन घास जातात न जातात तोच मालकीण आम्पारोबाई आल्या. बरोबर उत्तरेकडची एक व्यापारीण. मांडलेल्या चांगल्या पेल्यांकडे त्या बाईनं ढुंकूनही पाहिलं नाही. फळीमागे काहीतरी चकाकलं, तिथं वाकून हात घातला अन् एक वाकडा पेला वर काढला.

"मेलो," चोन पुटपुटला.

एलेउतेरिओ उठला. गुडघे कुरकुरले. "बाई, मला जरा बोलायचंय. ते पेले माझे..."

"तुमचेच ना? अहो, मग आमचं नशीबच फळफळलं!" आम्पारोबाई हसत सुटल्या. "यांना सगळे असेच हवेत. सरळ पेले काय, यंत्रही करतं म्हणे. यात माणसाचा हात दिसतो. उस्ताद, आता वर्षभर तुम्हाला सुट्टी नाही, सांगून ठेवते!"

हात दिसतो म्हणे! हात दिसू नये म्हणून तर त्यानं जन्म घालवला होता. त्याला राग आला, मग रागाचाही कंटाळा आला. राजीनाम्याची गोष्ट त्यानं काढलीच नाही.

"चोन, भर," तो म्हणाला. "हा एक माझ्यासाठी. सरळ."

चोननं रस घेतला. एलेउतेरिओनं फुंकलं, लोखंडी पाटावर लाटलं, कड पुन्हा तापवली. डोळे मिटूनच घेतले. नाहीतरी त्यांचा उपयोग काय होता? फुंकणी एकसारखी फिरवत चिमट्यानं तोंड उघडलं. कुठे हिसका नाही, कुठे अडखळ नाही. असा हात कित्येक दिवसांत लागला नव्हता. ऊर भरून आला त्याचा.

"अय्या, बघा तरी!" आम्पारोबाईंनी टाळ्या वाजवल्या. "अगदी तोच बाक! चोन, हा गार झाला की नमुना म्हणून वेगळा ठेव."

एलेउतेरिओनं मान वळवली. समोर चोन होता, म्हणजे चोनएवढा एक धूसर ठिपका.

"चोन, सरळ आहे ना रे?"

चोननं पेला उचलला आणि गार करायच्या भट्टीकडे नेला.

एलेउतेरिओनं चाचपडत दुसरी फुंकणी उचलली.

"भर," तो म्हणाला.