कच्च्या टाक्यावरचा खिसा

मी कपाटावरची मोठी निळी बॅग बोलतेय. खरं तर आता मी मोठीही नाही आणि कपाटावरही नाही. पण बाईमाणूस ओळख सांगताना आधी माहेरचंच नाव सांगते, तसं समजा.

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या बसचालक नवऱ्याने. जाड कापड, दणकट चेन, चार चाकं असा माझा थाट. "युरोपला न्यायचीय," असं बाईंनी दुकानदाराला सांगितलं, तेव्हा माझी चाकं जागच्या जागी गरगरली.

त्यानंतर सतरा वर्षं मी कपाटावर बसून काढली. पोटात ब्लँकेटं, पाठीवर धूळ.

तिथून मला बाईंचं शिलाई मशीन दिसायचं. समोरच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. दगडी चौक, कारंजं आणि मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ. त्यात कायमचे चार वाजून दहा मिनिटं झालेली. सुईत दोरा ओवताना बाई मान वर करायच्या, ती त्या चौकाकडेच. पण आधी मुलीचं शिक्षण आलं, मग गळकं छप्पर, मग सासूबाईंचं दुखणं. चौक थांबला. मीही थांबले.

नवरा निवृत्त झाला आणि विषय पुन्हा निघाला. साठवलेल्या पैशांत थेट विमानाचं एकच तिकीट बसत होतं. तो म्हणाला, "तू जाऊन ये. मी काय, जन्मभर फिरतोच आहे."

बाईंनी दाताने दोरा तोडला. "एकटीने जाऊन चौक बघू, आणि 'अहो, बघा ना' कुणाला म्हणू?"

दुसऱ्या दिवशी मुलीचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि माझ्या देखत दोन तिकिटांची शोधमोहीम सुरू झाली.

थेट गाडी महाग आणि बदलत गेलं की स्वस्त, हे बसचालकाला कुणी शिकवायला नको होतं. महिनाभराचे दर एकदम दाखवणारं पान त्याला सापडलं आणि तो चहा विसरला. शनिवार-रविवारी दर आभाळाला टेकलेले, मधल्या वारी जमिनीवर. चौकाच्या शहरात उतरण्याऐवजी शेजारच्या शहरात उतरून तीन तास रेल्वेने गेलं, तर आणखी कमी. सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या की दर सपाट्याने उतरत होते. नेमके तेव्हाच बाईंचे गणवेश शिवून संपायचे. कधी नव्हे तो त्यांच्या धंद्याचा आणि विमानांचा हंगाम जुळला.

मग त्याने एक शहाणपणा केला. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडली आणि मध्ये चाळीस मिनिटं ठेवली. स्टँडवर तेवढ्यात चहा होतो, हा त्याचा हिशेब. मुलीला त्याने अभिमानाने फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं थांबत नाही हो. वेगळी तिकिटं, कुणी जबाबदारी घेणार नाही."

"का नाही थांबत? माझी गाडी थांबायची."

"तुमची गाडी तुम्ही थांबवायचात."

ती जोडी सोडून देऊन तो लॅपटॉपपाशी परत आला. मग पुन्हा शोधायला लागला. नवव्या दिवशी एकाच कंपनीचं, मध्ये साडेतीन तास असलेलं तिकीट सापडलं. बुधवारचं. आणि साठवलेल्या पैशांत दोघं बसत होती! घरात असा गलका झाला की शेजारीण चौकशीला आली.

अट एकच होती. मोठं सामान न्यायचं नाही. माणशी एक लहान बॅग.

माझी चाकं गार पडली. बाईंनी स्टुलावर चढून मला खाली काढलं, पुसलं, मांडीवर घेतलं. "हिला ठेवून जायचं म्हणजे जिवावर येतंय हो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गळ्यातली मोजपट्टी हातात घेतली आणि कात्री उचलली.

दुखलं का? थोडं दुखलं. चाकं गेली तेव्हा तर फार. पण चार दिवसांत माझ्या दोन सुबक पिशव्या झाल्या, एक तिची, एक त्याची. जुळं व्हायचं सुख काय असतं ते मला उतारवयात कळलं. विमान कंपनीने दिलेल्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका नवऱ्याने अचूक कापला होता. त्यात आम्ही अलगद बसलो.

निघायच्या दिवशी मात्र त्याला आठवण झाली, की कागद ठेवायला बाहेर खिसा हवा. बाईंनी उरलेल्या कापडाचा खिसा त्याच्या पिशवीवर कच्च्या टाक्याने लावून दिला. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई घालायची नाही, हा त्यांचा शिवणकामातला नियम. "बॅगेची कसली ट्रायल?" तो हसला.

ट्रायल विमानतळावर झाली. तिथल्या सामान मोजायच्या लोखंडी चौकटीत बाईंची पिशवी सुळकन गेली आणि त्याची अडकली. चष्म्याचं घर, कागदांची चळत, गोळ्यांची डबी यांनी खिसा गालफुगी झाल्यासारखा फुगला होता. काउंटरवरच्या मुलीने जादा सामानाचा आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत परत घरी जाऊन येता आलं असतं. नवऱ्याचा चेहरा पडला.

बाई पुढे झाल्या. दोऱ्याचं टोक शोधलं आणि सर्रकन ओढलं. खिसा अख्खाच्या अख्खा हातात आला. तो त्यांनी नवऱ्याच्या कोटात कोंबला आणि मला चौकटीत सोडलं. बसले! रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, माझ्या कोटालाही असा खिसा लावून द्याल का?"

आणि मग तो चौक. कारंज्याच्या कठड्यावर त्यांनी आम्हां दोघींना शेजारी ठेवलं. बाई मनोऱ्याकडे बघत राहिल्या. अकराला पाच कमी होते. पानातल्यासारखी चार वाजून दहा मिनिटं झालेली नव्हती. मोठा काटा हलला.

"अहो, बघा ना," त्या म्हणाल्या, "हे चालतंय."

आता मी शिलाई मशीनजवळच्या खिळ्याला असते. चौकाच्या पानाच्या जागी बाईंनी बर्फाच्या डोंगराचं पान चिकटवलंय, आणि लॅपटॉपवर पुन्हा बुधवार शोधले जाताहेत. खिसा माझ्यावर परत आलाय. परवा बाई तो पक्का शिवायला बसल्या. मी मनातल्या मनात विनवलं, नको हो, कच्च्या टाक्यावरच राहू द्या, पुन्हा लागेल.

त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं आणि सुई दोऱ्याच्या रिळाला टोचून ठेवली.