फिरोजाचं फिरणं

डॉक्टर दिशाने कमीज जरा वर सारून पाहिली. फिरोजाच्या बरगडीखालून पाठीकडे पाणी धरलेल्या फोडांचा पट्टा गेला होता.

"नागीण आहे, चाची. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आलेल्या. मायनं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं."

"त्याच या. इतकी वर्षं अंगातच झोपून होत्या. वय झालं, त्यात खाणं, झोप, चालणं तुटलं, जिवाला घोर लागला, की शरीराची राखण ढिली पडते. मग या जाग्या होतात. जेवता काय?"

फिरोजाने कमीज खाली ओढली. नवरा, वहाब, लकव्याने अंथरुणाला खिळल्यापासून ती बसून जेवलीच नव्हती. त्याला पेज भरवायची, कुशीवर वळवायची आणि उभ्या उभ्या चहात कडक बटर बुडवून खायची. डोळा लागला तरी कान त्याच्या श्वासावर.

"गोळ्या देते. पण बऱ्या झाल्यावर रोज थोडं चाला."

"आन् त्यांच्याजवळ कोन?"

"मी हाय ना," सोबत आलेली शेजारीण कमळ म्हणाली.

फोड सुकले, आग निमाली. फिरोजा संध्याकाळी आगरदांड्याच्या धक्क्याकडे निघू लागली. आधी आधी कोपऱ्यावरूनच माघारी वळे. मग पाय सरावले. पाण्यावरचं ऊन पातळ होई, दिघीची बोट धुक्यातून आल्यासारखी अलगद येई, आणि तिला वाटे, आपण लहान आहोत, ताप नुकताच उतरलाय, कुणीतरी कपाळावर हात ठेवलाय. घरी येऊन ती भात-कालवण वाढून घेई, वहाबच्या उशाशी बसून जेवी. तो अर्ध्या ओठाने हसे.

एका संध्याकाळी ती परतली, तर कमळ दारातच उभी.

"गेलं गो भाऊ. हात धरून व्हते मी."

"मना का नाय बोलावलंस?"

"बोलवाया निघालेले मी. त्यांनी हात सोडला न्हाय. खिडकीकडं बघून मान हलवली. फिरू दे तिला, असंच म्हनत व्हते."

फिरोजा उंबऱ्यावरच बसली.

विधवेची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. पहिले काही दिवस ती भिंतीला टेकून होती. मग एका दुपारी कमळने आणलेली भाकरी तिने बसून, सावकाश खाल्ली. ओढणी सावरली आणि परसातल्या नारळींमधून चालू लागली.

इद्दत सरली तेव्हा तिथल्या गवतात एक पायवाट पडली होती. झावळ्यांच्या सावल्या त्या वाटेवरून हळूहळू सरकत होत्या.