तीन ताऱ्यांचं लोखंड

"पुन्हा मोज," शालिग्रामनाना म्हणाले, आणि पितांबरने ती काच चौथ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

नाना निवृत्त प्रोफेसर. धुळ्यातल्या त्यांच्या बंगल्यावर लांबच्या वेधशाळेतून ताऱ्यांच्या उजेडाचे फोटो काचेवर उतरून यायचे. उजेड लोलकातून फाकला की त्याच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. कुठली लोखंडाची, कुठली सोडियमची, हे ठरलेलं. रेघ जाड तर माल जास्त, बारीक तर कमी. पितांबर पिंपळनेरचा, जमीन मोजणी खात्यातला. त्याने बांधावर उभं राहून अंदाज सांगावा आणि मागून मोजणीच्या साखळीने मुकाट मान डोलवावी, अशी नजर. म्हणून तर नानांनी त्याला उचलला. नऊ वर्षं तो रेघा मोजत होता, काच आधी सुलटी, मग उलटी, म्हणजे डोळ्याची खोड आकड्यात उतरत नाही.

त्या काचेवरच्या तीन ताऱ्यांत लोखंडाची रेघ केसाएवढी निघाली. सुलटी काय, उलटी काय, तेवढीच.

"नाना, एवढीच आहे."

"अरे, सगळे तारे एकाच मालाचे. सूर्यात आहे तेवढं तिथंही असणारच."

"हे तिघं फार आधी जन्मले असतील. तेव्हा लोखंडच कमी असेल."

नाना हसले. "तारे म्हणजे तुझे भाऊबंद काय रे, कुणी आधी, कुणी मागून जन्मायला? आकडा वाढव."

"रेघ वाढली तर वाढवतो."

शहाण्याने हो म्हणून मोकळं व्हावं. पण हा पडला मोजणीदार. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

वर्षभराने, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, नानांचा इंग्रजी निबंध छापून टपालाने पिंपळनेरला आला.

"तुम्हनं नाव शे का त्यामा?" भाकरी थापता थापता भिकुबाईने नवऱ्याला विचारलं.

आभारात नानांच्या जावयाचं नाव होतं. पितांबरचं सापडलं शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत: मोजणीदार पितांबर झुलाल याची नजर अधू झाल्याने तीन तारे वगळले आहेत. भर चावडीत कुणी थोबाडीत मारावी तसं त्याला झालं. जन्मभर एका नजरेवर जगलेला माणूस.

"शे," तो म्हणाला.

"कोठे?"

त्याने बोट ठेवलं.

भिकुबाईने शेजारच्या झुंबरबाईला हाक मारली. "अक्का, देखा, यास्नं नाव छापेल शे." मग नवऱ्याकडे वळून, "आनी बाकीनं काय लिखेल शे?"

"तीन तारास्नं लिखेल शे."

तिने हात धुतले, कुंकवाचा करंडा आणला आणि त्याच ओळीवर कुंकू लावलं. तो बोट काढीना, तेव्हा थोडं बोटालाही लावलं.